जुना फोन कोणाकडे जातो

मागच्या महिन्यात वाईला आत्याकडे गेले होते. दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता त्यामुळे आधीच जरा काळजीत होते, आणि चपला काढता काढताच विचारलं, आत्या फोन बंद का गं ठेवलायस? ती काही न बोलता उठली, कपाट उघडलं, साड्यांच्या खालून एक स्टीलचा डबा काढला आणि त्यातला रुमालात गुंडाळलेला फोन माझ्या हातात ठेवला. स्विच ऑफ केलेला. म्हणाली, "बँकेच्या ॲपनं सांगितलंय, हा फोन सुरक्षित नाही. मग म्हटलं बाहेर कशाला ठेवायचा उगाच." मी फोन चालू केला, ॲप उघडलं, तर पांढऱ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी, सुरक्षेच्या कारणास्तव या डिव्हाइसवर ॲप चालणार नाही, आणि खाली एकच बटण, ओके. ते दाबलं की ॲप बंद. सगळी नोकरी झेडपीच्या शाळेत करून रिटायर झालेली बाई, पेन्शन आली का ते दर महिन्याला स्वतः फोनवर बघायची, लाइट बिल स्वतः भरायची, शेजारच्या दोघींचंसुद्धा भरून द्यायची. आणि ती मला हळू आवाजात विचारत होती, "कोणी काही केलंय का गं माझ्या फोनला? का माझ्याच हातून कुठं काही दाबलं गेलं?"

तिचा तो प्रश्न माझ्या मनातून जात नाहीये. कारण कोणी काही केलेलं नव्हतं, तिनंही काही दाबलेलं नव्हतं. फोन काल जसा होता तसाच आज होता. फक्त कुठल्यातरी ऑफिसात ठरलं की अमुक अँड्रॉइडच्या खालचे फोन आता नकोत, आणि ते तिच्यापर्यंत पोचलं ते असं, दोन ओळींत, परक्या भाषेत, आणि कशापासून सुरक्षित नाही ते न सांगता. भीती तेवढी पोचली.

तो फोन मला चांगला माहितीये. २०१७ मध्ये आतेभावानं घेतला होता, तेव्हा तो हिंजवडीत नवीन नवीन लागला होता. पाठीमागे गोल फिंगरप्रिंट, वर हेडफोनचं भोक, हातात घेतला की बऱ्यापैकी जड. दोनतीन वर्षं त्यानं वापरला, मग त्यानं नवा घेतला आणि हा आईकडे आला. आता व्हॉल्यूमचं बटण घासून गुळगुळीत झालंय, स्क्रीनगार्डचा एक कोपरा उडालाय, बत्तीस जीबीतलं निम्मं सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांनी भरलंय. पण आत्याचा अंगठा त्या फोनवर न बघता चालतो. हरिपाठ कुठं, नातवाचा व्हिडिओ कॉल कुठं, टॉर्च कुठं, सगळं बोटांना पाठ. नवीन फोनची गोष्ट काढली की तिचा चेहरा उतरतो, आणि ते पैशामुळे नाही, एवढं बोटांत बसलेलं सगळं पुन्हा शून्यापासून शिकायचं म्हणून. हे आपल्याला, म्हणजे दर दोनतीन वर्षांनी फोन बदलणाऱ्यांना, पटकन समजत नाही.

तिच्यासमोर बसूनच मी सेटिंगमध्ये गेले, 'फोनबद्दल' उघडलं. तिथं अँड्रॉइड व्हर्जनच्या आसपास 'सुरक्षा पॅच' असं लिहिलेलं असतं आणि पुढे एक तारीख असते, सुरक्षेची शेवटची दुरुस्ती, म्हणजे पॅच, कधीपर्यंतची आहे त्याची. तिच्या फोनवर अँड्रॉइड ७ आणि तारीख २०१९ ची. ही तारीख फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या फोनमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. २०१५ च्या जुलैमध्ये स्टेजफ्राइट नावाचा दोष उघडकीला आला होता, व्हिडिओ वाचणाऱ्या कोडमध्येच चूक होती, नुसता एक एमएमएस पाठवून समोरच्याच्या फोनमध्ये शिरता येईल अशी, आणि तेव्हा वापरात असलेले बहुतेक सगळे अँड्रॉइड फोन त्यात सापडत होते. त्यानंतर, त्याच ऑगस्टपासून, गूगलनं दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या काढायला सुरुवात केली. पण गूगलनं दुरुस्ती काढली म्हणजे ती आपल्या फोनमध्ये आली असं नाही. त्यात चिप बनवणाऱ्याचा वाटा असतो, मग फोन बनवणारी कंपनी ती आपल्या मॉडेलवर बसवते, तपासते, पाठवते. यातला एकजण थांबला की साखळी थांबली. आणि मॉडेल जुनं झालं, विक्री बंद झाली, की थांबतातच.

यातली खरी काळजीची गोष्ट आहे ती अशी, की दर महिन्याला ज्या दुरुस्त्या येतात त्यांची यादी जाहीर होते, काय बिघडलेलं होतं तेही त्यात असतं. ज्यांना दुरुस्ती मिळाली त्यांचं चांगलंच होतं, पण ज्यांना मिळणारच नाहीये त्यांच्यासाठी ती यादी म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांनी कड्या बदलल्या आणि जुनी कडी बाहेरून कशी उघडते त्याचं पत्रक गावभर वाटलं असं होतं. २०१७ मध्ये ब्लूटूथमधले ब्लूबॉर्न नावाचे दोष निघाले होते, त्यात तर काही उघडायची, दाबायचीही गरज नव्हती, ब्लूटूथ चालू असलं आणि कोणी जवळपास असलं की पुरे. असे दोष निघत राहतात, आणि २०१९ नंतर निघालेल्यांपैकी जे या अँड्रॉइडला लागू होतात ते आत्याच्या फोनमध्ये जसेच्या तसे आहेत. क्रोम, म्हणजे इंटरनेट उघडायचा ब्राउझर, तोही तिच्याकडे ११९ व्या व्हर्जनवर थांबलाय, अँड्रॉइड ७ साठी ते शेवटचं. २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ वाल्यांचंही १३८ वर थांबलं. ब्राउझर थांबणं मला फोन थांबण्यापेक्षा जास्त गंभीर वाटतं, कारण बाहेरच्या जगातलं वाटेल ते सगळ्यात आधी ब्राउझरच उघडतो.

पण म्हणून तो फोन स्टीलच्या डब्यात ठेवण्याइतका भयंकर झालाय का? तर नाही. हेही तितकंच खरं आहे आणि हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. प्ले स्टोअरची तपासणी अजून त्या फोनवर चालते, व्हॉट्सॲप अपडेट होतं, ॲप्स एकमेकांच्या पोटात शिरू नयेत म्हणून अँड्रॉइडची जी मूळ रचना आहे ती तिथंही आहे. वाईतल्या एका रिटायर्ड बाईंच्या फोनमागे कोणी ब्लूटूथचा दोष घेऊन घराबाहेर उभं राहणार नाहीये. तिच्यासारख्यांचे पैसे जातात ते वेगळ्या वाटेनं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, नाहीतर ट्रॅफिकचं चलान येतं, नाहीतर 'तुमचं वीज कनेक्शन आज रात्री कापलं जाईल' असं येतं, सोबत एक एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारं ॲप, असते, माणूस ती उघडतो, फोन विचारेल त्याला हो हो म्हणतो, आणि त्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी थेट चोराकडे. पोलीस याबद्दल कितीतरी वेळा सांगून झाले. हे कालच घेतलेल्या फोनवरसुद्धा होतं.

मग जुन्या फोनानं फरक काय पडतो? फरक पडतो तो हात धरणाऱ्याचा. अँड्रॉइड ७ पर्यंत 'अज्ञात स्रोत' असं एकच बटण होतं, एकदा कधीतरी कोणी ते चालू केलं की कुठूनही आलेलं ॲप बसायला मोकळं. आत्याच्या फोनवर ते चालूच होतं, कधीपासून आणि कोणी केलं ते तिला आठवेना. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी लागायला लागली, म्हणजे व्हॉट्सॲपमधून आलेली फाइल बसवायची तर व्हॉट्सॲपला ती मुभा आधी द्यावी लागते. १२ पासून माइक-कॅमेरा चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. १३ मध्ये तर बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी, जिच्यामुळे स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि आपल्या वतीनं बटणंही दाबता येतात, ती सहज देताच येत नाही. चोर नव्या फोनवरही येतात, पण नवा फोन दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा नाही म्हणतो. जुना फोन एकदाच विचारतो.

आणि आपल्या घरांमधून हा जुना फोन कोणाच्या हातात असतो?

हे एकदा डोक्यात आलं आणि मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. फोन आपल्याकडे वरून खाली येतो. कमावता मुलगा नवा घेतो, त्याचा जुना आईकडे जातो, आईचा जुना गावाकडच्या काकूकडे, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशींकडे, त्यांच्याकडून त्यांच्या मुलीकडे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा घराघरातल्या खणांतून असे कितीतरी फोन बाहेर निघाले आणि पोरं त्यावर शिकली, हे मी स्वतः बघितलंय, आणि ते फोन नसते तर ती पोरं दोन वर्षं कोरी राहिली असती. म्हणजे ही पद्धत वाईट नाहीच. वस्तू फेकायची नाही, पुढे द्यायची, यात आपलं शहाणपणच आहे. पण या उतरंडीत एक गोष्ट उलटी होते. ज्याला इंटरनेटचे धोके सगळ्यात जास्त कळतात त्याच्या हातात सगळ्यात सुरक्षित फोन, आणि ज्यांना फोन करून 'मॅडम, केवायसी करा' म्हणलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांच्या हातात सगळ्यात उघडा. आणि गेल्या काही वर्षांत त्याच फोनवर आपण त्यांची पेन्शन, गॅसची सबसिडी, आधारचा ओटीपी, सगळं आणून बांधलं. २०१६ मध्ये यूपीआय आलं, तेव्हापासून भाजीवाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर लागले, सोय झाली, पण बँकेचं दार कुठल्या फोनमध्ये बसवतोय ते घरात कोणी बघितलं नाही. कुरिअरवाले, वॉचमन, रिक्षावाले, यांच्या हातातले फोन जरा बघा. तडा गेलेल्या काचेखालून अख्खं घर चाललेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन पुण्याला आले आणि फोन घेऊन बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबाच्या बाजूला, कारण फोन एका कडेनं किंचित उचललेला वाटत होता. दुकान म्हणजे एक टेबल आणि एक दिवा. तिथल्या मुलानं फोन टेबलावर पालथा ठेवून बोटानं गोल फिरवला, फोन भिंगरीसारखा फिरला, आणि म्हणाला, "ताई, बॅटरी फुगलीये, सपाट असता तर फिरला नसता." मग कडेनं प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत सरकवत मागचं झाकण काढलं. आतली बॅटरी उशीसारखी टम्म झालेली, वरचं चंदेरी आवरण ताणून चकचकीत. आत गॅस धरतो, जुन्या लिथियमच्या बॅटरीत होतं असं. त्यानं ती टोकदार कशानंही न उचलता, खालच्या गोंदावर स्पिरिटचे थेंब सोडून, वाट बघून, हळूच सोडवली. आत्या श्वास रोखून बघत होती. मला एकदम जाणवलं की हा फोन खरंच ज्या अर्थानं असुरक्षित होता, साड्यांच्या कपाटात, कापडात गुंडाळून, तो हा होता, आणि त्याबद्दल कुठल्याही ॲपनं एक ओळ दाखवली नव्हती. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि घंटागाडीत तर अजिबातच टाकायची नाही, हे तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवं. कंपनीची अस्सल बॅटरी या मॉडेलला आता मिळत नाही, दुसरी बसवली, त्या मुलानंच सांगितलं की स्टिकरवरच्या आकड्यावर जाऊ नका, वर्षभर नीट चालली तरी खूप.

तिथंच एका कॉलेजच्या पोरानं सुचवलं की लिनिएजओएस नावाचं कंपनीबाहेरचं सॉफ्टवेअर टाका, नवीन अँड्रॉइड येईल, पॅचही दर महिन्याला येतील. खरंय ते. कंपन्यांनी सोडून दिलेले कितीतरी फोन जगभरातल्या हौशी लोकांनी असे जिवंत ठेवलेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते टाकायचं तर फोनचं मूळ कुलूप, बूटलोडर, उघडावं लागतं, आणि ते उघडलं की गूगलची तपासणी नापास होते आणि बऱ्याच बँकांची ॲप्स पुन्हा उघडत नाहीत. म्हणजे ताजे पॅच घेतलेला फोन बँकेला नको, आणि अनेक बँकांना कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर असलेला, वर्षानुवर्षं एक पॅच न आलेला फोन चालतो. यात बँकांचीही बाजू आहे, कुलूप उघडलेल्या फोनमध्ये आणखी काय घातलंय ते त्यांना दिसत नाही. पण आत्याच्या वयाच्या माणसासाठी ती वाट बंदच आहे.

आणि हे सगळं अटळ आहे असंही नाही, याचाच जास्त राग येतो. २०१३ च्या आयफोन फाइव्ह एसला २०२३ च्या जानेवारीत सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली आहे. फेअरफोन नावाची एक छोटी डच कंपनी, तिनं २०१५ चा फोन २०२३ पर्यंत सांभाळला. आता गूगल पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंग एस२४ पासून सात वर्षांचं वचन देतात, आणि युरोपात तर जून २०२५ पासून नियमच आहे, मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, बॅटरी आठशे वेळा चार्ज होऊनही ऐंशी टक्के शिल्लक राहिली पाहिजे. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. आपल्याकडे दुकानात उभं राहून 'याला अपडेट कधीपर्यंत मिळतील' असं विचारलं की विकणारा मुलगा आपल्याकडे बघतच राहतो, त्याला कॅमेरा पाठ, फास्ट चार्जिंग पाठ, कॅशबॅक पाठ, आणि ही एक गोष्ट त्याला कोणी शिकवलेलीच नसते. स्वस्त फोनांच्या बाबतीत तर हे अजूनच, आणि स्वस्त फोनच सगळ्यात जास्त काळ वापरले जातात.

तर जुना फोन वापरावा का? मला आता असं वाटतं की जरूर वापरावा, पण त्यातून पैसे बाहेर काढून. आणि पैसे बाहेर काढणं म्हणजे नुसतं बँकेचं ॲप काढणं नाही, इथं बरेचजण फसतात. ॲप काढलं तरी बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये असेल तर ओटीपी तिथंच येणार, ईमेल तिथंच उघडं असेल तर पासवर्ड बदलायची लिंक तिथंच येणार. सिम आणि मेल, दोन्ही हलले पाहिजेत. परवडत असेल तर साधासाच पण ताजी पॅचची तारीख असलेला फोन, आणि नसेल परवडत तर बँकेचं सिम चक्क बटणाच्या फोनमध्ये. साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय पैसे पाठवायला यूपीआय १२३पे २०२२ पासून आहे, *९९# तर त्याच्याही आधीपासून, थोडं वेळखाऊ आहे पण चालतं. आमच्या कामाच्या मावशींनी तर हे मला शिकवलं म्हणायला हवं, त्यांचं बँकेचं सिम बटणाच्या फोनमध्ये असतं आणि तो फोन त्या पोरांच्या हातात देत नाहीत.

आत्याला हे सगळं मी तिच्या भाषेत, वहीत लिहून समजावलं, आणि तिनं शिक्षिकेसारखे उलट प्रश्न विचारले. नवा फोन घ्यायला ती तयार झाली, पण तिची अट होती की अक्षरं आणि आयकॉन जुन्या फोनवर जिथं होते तिथंच हवेत, ते आतेभावानं अर्धा दिवस बसून करून दिलं. जुन्या फोनमधून सिम काढलं, मेल काढला, 'अज्ञात स्रोत' बंद केलं, ब्लूटूथ बंद, आता त्यावर घरच्या वायफायवर हरिपाठ आणि यूट्यूब. आणि एक गोष्ट तिनं स्वतःच्या मनानं केली जी मला सुचलीही नव्हती. बँकेत जाऊन तिनं दुसरं खातं उघडलं, त्यात थोडेच पैसे ठेवायचे, यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं, आणि पेन्शनचं खातं कुठल्याच फोनवर नको असं काउंटरवर लेखी दिलं. तिथल्या माणसानं का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुमच्या ॲपनंच सांगितलंय ना, सुरक्षित नाही म्हणून."

आता रिटायर्ड शिक्षिकांच्या त्यांच्या ग्रुपवर ती सगळ्यांकडून 'फोनबद्दल' मधल्या त्या तारखेचा स्क्रीनशॉट मागवतेय. २०१८, २०२०, २०२१, अशा तारखा यायला लागल्यात. बहुतेकींचे फोन मुलांनी दिलेले आहेत. काल तिनं मला ती यादी पाठवली आणि खाली लिहिलं, यातल्या कोणाकोणाच्या मुलांना तू फोन करू शकतेस ते सांग, बाकीच्यांना मी करते.